घड्याळजींची मोकळी जागा

कंडक्टर निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं लोटली होती, पण ही बातमी त्यांच्या उजव्या हातापर्यंत अजून पोचली नव्हती. तो हात कामावरच होता. चार माणसं कुठे जमलेली दिसली की तो आपोआप वर जायचा, पंजा उघडायचा आणि समोरची हवा ढकलायला लागायचा. पाठोपाठ तोंड सुरू व्हायचं, "चला, पुढे सरका. मध्ये जागा आहे." मग ती जागा लिफ्टमध्ये असो, बँकेच्या रांगेत असो, नाहीतर लग्नाच्या हॉलमध्ये. एकदा दातांच्या डॉक्टरकडे बाकावर बसलेल्या पेशंटांना त्यांनी असं काही सरकवलं, की सासऱ्यांना सोबत म्हणून आलेला एक धडधाकट जावई थेट आतल्या खुर्चीत जाऊन पोचला आणि तोंड उघडून बसला.

घरातही तीच तऱ्हा. कपाट, मांडणी, फ्रिज, जिथे म्हणून बोटभर फट दिसेल तिथे ते काहीतरी कोंबत. त्यांची थोरली बहीण, म्हणजे ताई, यजमान गेल्यावर चार दिवस राहायला म्हणून भावाकडे आली होती आणि ते चार दिवस अजून संपायचे होते. ताई कंडक्टरांपेक्षा मोठी होती, आणि ही गोष्ट ती त्यांना रोज कुठल्या ना कुठल्या निमित्ताने कळवत असे. फ्रिजचं दार उघडून ती म्हणायची, "अरे, यात आता वाऱ्यालाही तिकीट काढून शिरावं लागेल. दही कुठंय?"

"मागच्या बाजूला. भाजीला जरा सरकव."

"भाजीला काय सरकव? भाजी काय ऐकते का माझं?"

एरवी इमारतीतले लोक कंडक्टरांच्या या खोडीला हसत. पण वर्षातला एक दिवस असा यायचा, की या खोडीवाचून त्यांचं पान हलत नसे.

इमारत चार मजल्यांची होती. समोर लहानसा चौक आणि चौकात इमारतीहूनही उंच झालेलं एक झाड. हवेत गारवा यायला लागला, झाडाखालची फरशी रोज झाडून रोज पिवळी व्हायला लागली, की कुठला तरी एक रविवार ठरायचा. त्या दिवशी सगळे चौकात एकत्र जेवायचे. सोसायटीचे अध्यक्ष भाषण करायचे आणि ते कोणी ऐकायचं नाही. मग उन्हं उतरायच्या आत सगळ्या इमारतीचा मिळून एक फोटो निघायचा. त्याला सगळे 'पानगळीचा फोटो' म्हणत. जिन्याच्या भिंतीवर असे फोटो तळापासून वरपर्यंत ओळीने लावलेले होते, त्यामुळे जिना चढणारा माणूस दमला की एखाद्या जुन्या वर्षापाशी थांबून दम खाऊ शकत असे.

आता अख्खी इमारत एका फोटोत बसवणं म्हणजे खायचं काम नव्हतं. कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्याचा कॅमेरा चांगला होता, पण चौक तोकडा पडे. माणसं मावावीत म्हणून तो मागे मागे जायचा, तर पाठ पाण्याच्या टाकीला टेकायची. म्हणजे माणसांनीच आखडून घ्यायला हवं. इथे कंडक्टरांचा हात वर जायचा. पोरंसोरं फरशीवर, म्हातारी माणसं खुर्च्यांवर, मागे उभे राहणारे, त्यांच्या मागे बाकांवर उभे राहणारे. पोट पुढे आलेल्यांना तिरकं वळवलं जाई. वर्षभर बोलणं टाकलेल्या दोन जावा खांद्याला खांदा लावून उभ्या राहत, कारण कंडक्टर बजावत, "भांडण फोटो झाल्यावर. आत्ता सरका."

एवढ्या खेचाखेचीत एखादी जागा मात्र कधीकधी रिकामी सोडलेली असे. त्याचं असं झालं होतं, की एका वर्षी तळमजल्यावरचे पोस्टमास्तर फोटोच्या आठवडाभर आधी गेले. ते दर वर्षी मागच्या रांगेच्या टोकाला उभे राहायचे. त्या दिवशी सवयीने त्या टोकाला कोणीच गेलं नाही. कंडक्टरांनी हात उचलला, पण 'सरका' हा शब्द घशातच राहिला. फोटो तसाच निघाला आणि पाहणाऱ्या प्रत्येकाला त्यात पोस्टमास्तर दिसले. तेव्हापासून तो रिवाजच पडला. त्या वर्षात जो गेला त्याची जागा त्या वर्षीच्या फोटोत मोकळी ठेवायची, बरोबर एका माणसाची. पुढच्या वर्षी मात्र कंडक्टर त्या रांगेपाशी जात आणि कोणाचंही नाव न घेता हळूच म्हणत, "चला, घ्या सरकून." त्यांच्या आयुष्यातला खालच्या आवाजातला 'सरका' तेवढाच.

आणि मग साथ आली.

जगात सगळ्यांचीच तारांबळ उडाली, पण कंडक्टरांची उडाली ती वेगळी. ज्या माणसाने जन्मभर माणसांना एकमेकांना चिकटवलं, त्याला रेडिओ, वर्तमानपत्र आणि अध्यक्ष असे तिघे मिळून दिवसभर सांगत होते, लांब राहा. वाण्याच्या दुकानासमोर आखलेल्या गोलांत माणसं लांब लांब उभी असत. त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेकडे कंडक्टर असे बघत, जसा दुसरा एखादा गळक्या नळाकडे बघेल. हात वर जायला लागला की ते तो पिशवीच्या बंदात अडकवून टाकत.

त्याच उन्हाळ्याच्या सुरुवातीला घड्याळजी गेले.

घड्याळजी दुसऱ्या मजल्यावर राहायचे. डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा आणि कंडक्टरांच्या बसेस कशा उशिरा येत यावर बोलणं हा त्यांचा विरंगुळा. रोज संध्याकाळी दोघं झाडाखालच्या बाकावर बसत आणि संपून गेलेल्या नोकरीवरून भांडत. घड्याळजी म्हणत, "तुमची सव्वानऊची गाडी मी कधी सव्वानवाला पाहिली नाही." कंडक्टर म्हणत, "गाडी वेळेवरच यायची हो. तुमची वेळच पुढे असायची." अशी मैत्री. मग एके दिवशी घड्याळजींना ताप भरला, दवाखान्यात नेलं, आणि ते परत आले नाहीत. पोचवायला मोजक्याच घरच्या माणसांना परवानगी होती. गाडी चौकाच्या फाटकाशी क्षणभर थांबून पुढे गेली. इमारतीने ती पडद्यांआडून पाहिली. भीतीचे दिवस होते, खिडकी उघडावी की नाही हेही कोणाला सुचत नव्हतं. कंडक्टरही पडद्याआडच होते.

घड्याळजींच्या बायकोला इमारत शिलाईकाकू म्हणायची. कंडक्टर तेवढे वहिनी म्हणत. नवरा गेल्यावर आठवडाभराने त्यांच्या घरातून मशीनचा आवाज पुन्हा सुरू झाला आणि त्या उन्हाळ्यात सगळ्या इमारतीच्या तोंडावर त्यांनीच शिवलेले मास्क दिसायला लागले. प्रत्येकाच्या नाकाचं माप त्यांनी लांबूनच घेतलं होतं. अध्यक्षांच्या मास्कला कापड थोडं जास्त लागलं, एवढंच त्या म्हणाल्या.

पानं पिवळी पडायला लागली. अध्यक्षांनी फोनवरच्या ग्रुपवर कळवून टाकलं, की यंदा पानगळीचा कार्यक्रम नाही, पुढच्या वर्षी दुप्पट जोरात करू. त्याच संध्याकाळी कंडक्टर जिना उतरत होते आणि शिलाईकाकू चढत होत्या. त्या चार पायऱ्या खालीच थांबल्या.

"भाऊजी, फोटो नाही म्हणे यंदा."

"अध्यक्ष म्हणतात पुढच्या वर्षी काढू, वहिनी. डबल."

"पुढच्या वर्षी यांची जागा नसणार," शिलाईकाकू म्हणाल्या. "पुढच्या वर्षी तुम्हीच सरकवून टाकता."

त्या भिंतीवरच्या फोटोंकडे बघत पुढे म्हणाल्या, "मी कोणाला बोल लावत नाही. येऊच देत नव्हते कोणाला, तर येणार कुठून? पण इतकी वर्षं इथे राहिलेला माणूस, आणि असा गुपचूप निघून गेला. त्याला जाताना कोणी बघितलं तरी का, असं सारखं वाटतं. निदान फोटोत तरी दिसू दे, की एक माणूस कमी झालाय."

"फोटो निघणार," कंडक्टर म्हणाले. "त्यांची जागा मी राखतो. कोणाला पाऊल ठेवू देणार नाही."

म्हणून तर बसले, पण अध्यक्षांना पटवायला दोन दिवस गेले. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टरने मध्यस्थी केली. सिस्टर दवाखान्यात नर्स होती, एकटी राहायची, आणि त्या वर्षी तिच्या शब्दापुढे अध्यक्षांचंही काही चालत नसे. ती म्हणाली, "उघड्यावर, लांब लांब उभे राहून काढत असाल तर माझी हरकत नाही. पण लांब म्हणजे लांब. कंडक्टरकाका, तुमच्या हिशोबाने नाही, माझ्या हिशोबाने."

तिने झाडूच्या दांड्याने अंतर मोजून चौकात खडूचे गोल काढून दिले. प्रत्येक घरातलं एक माणूस बोलावून रंगीत तालीम झाली. स्टुडिओवाला टाकीवर चढला, कारण एवढ्या लांबलांबची माणसं खालून मावेनात. फोटो काढून त्याने लगेच सगळ्यांच्या फोनवर पाठवला.

"हे काय," कोणीतरी म्हणालं, "निम्मी इमारत गेली की काय आपली?"

ज्या इमारतीत वर्षानुवर्षं मोकळ्या जागेचा अर्थ एकच होता, त्या इमारतीच्या फोटोत प्रत्येकाच्या आजूबाजूला मोकळी जागा होती. तळमजल्यावरची आजी फोन डोळ्यांपासून लांब धरून म्हणाली, "माझ्या डावीकडचं कोण गेलं? आणि उजवीकडचं? अरे, मला चारही बाजूंनी मोकळी सोडलीय. म्हणजे आता मधली काय ती मीच उरले."

"आजी, ते साथीचं अंतर आहे," अध्यक्ष म्हणाले.

"असेल. पण असल्या फोटोत मी नाही उभी राहायची. मी गेल्यावर एक जागा सोडा, ती मी घेईन. आत्ताच चार नकोत."

दुसऱ्या एका बाईंनी आपल्या मुलाला गोलातून हाताला धरून बाहेर काढलं. तिसऱ्याला एकदम गॅसवर दूध ठेवल्याचं आठवलं. बघता बघता सगळे गोल रिकामे झाले. शिलाईकाकू आपल्या गोलात उभ्या राहून फोनवर कितीतरी वेळ फोटो न्याहाळत होत्या. मग वर निघून गेल्या. कंडक्टरांनी चष्मा पुसून फोटो पुन्हा पाहिला. घड्याळजींची जागा त्यांनी स्वतः मोजून सोडली होती, आणि आता ती त्यांनाच सापडेना.

पुढचे काही दिवस त्यांनी नाना उपाय करून पाहिले. घड्याळजींच्या जागी खुर्ची ठेवून बघितली, तर ती कोणीतरी उचलायची विसरल्यासारखी दिसली. मग त्यांनी दारातूनच शिलाईकाकूंना सुचवलं, की घड्याळजींचा एखादा फोटोच तिथे ठेवावा.

"फोटोत फोटो कशाला, भाऊजी?" त्या म्हणाल्या. "मग ते आलेत असं होईल. ते आलेले नाहीत, हेच तर दिसायला हवं."

घरी ताई होतीच. "सगळी हयात माणसं कोंबण्यात गेली तुझी," ती म्हणाली, "आणि एक मोकळी जागा ठेवायची वेळ आली तर घाम फुटला."

"ताई, मोकळी जागा ठेवायला आजूबाजूला गर्दी लागते. सगळंच मोकळं असेल तर मोकळं काय ते कळणार कसं?"

"मग कर गर्दी."

"कशी करू? सिस्टर झाडू घेऊन उभी आहे."

या प्रश्नाचा निकाल लावला भाजीवाल्याने. त्या दिवसांत त्याचा टेम्पो सकाळी चौकात यायचा आणि भोंगा वाजवायचा. प्रत्येक घरातून एकानेच खाली उतरायचं असा नियम होता. कंडक्टर पिशवी घेऊन उतरले आणि आपला नंबर येईपर्यंत झाडाखाली उभे राहिले. वरून ओरडा सुरू झाला. "कोवळी बघून घ्या." "टोमॅटो नकोत हो, आहेत घरात." "बाबा, मक्याची कणसं." कंडक्टरांनी सहज मान वर केली आणि ते बघतच राहिले.

चारही मजल्यांच्या चौकाकडच्या मोठाल्या खिडक्या माणसांनी गच्च भरल्या होत्या. बाप आत ढकललेला, आई पुढे वाकलेली, मुलांची डोकी काखांतून बाहेर आलेली, एखादा आजोबा खांद्यांवरून डोकावणारा. एकाच घरातली माणसं, एकत्र जेवणारी, एकत्र झोपणारी. त्यांच्यात कसलं अंतर? सिस्टरचा झाडूसुद्धा तिथे काही करू शकला नसता. कंडक्टरांना ती इमारत दिसेनाशी झाली आणि ऑफिसच्या वेळेची, खच्चून भरलेली, एकावर एक चार मजल्यांची बस दिसायला लागली.

आणि तिच्यातच दुसऱ्या मजल्यावर, उजवीकडून दुसऱ्या खिडकीत, शिलाईकाकू उभ्या होत्या. अगदी डाव्या कडेला, चौकटीला खांदा लावून. इतकी वर्षं त्या खिडकीत दोघं उभे राहत आले होते, त्यामुळे अंग आपसूक एका बाजूला झालं होतं. उरलेली अर्धी खिडकी मोकळी होती. एवढ्या भरल्या इमारतीत तेवढीच.

"अरे, कांदे," वरून ताई ओरडली. "कांद्यांसाठी वेगळा माणूस पाठवू का?"

कंडक्टर त्या दिवशी कांदे न घेताच वर आले आणि त्याबद्दल त्यांना ऐकूनही घ्यावं लागलं. पण संध्याकाळपर्यंत त्यांनी प्रत्येक मजल्यावर जाऊन, दारापासून लांब उभं राहून, सगळ्यांना बेत सांगितला. फोटो इमारतीचा. माणसं आपापल्या खिडकीत. मास्क नको, अंतर नको. अट एकच, खिडकी काठोकाठ भरली पाहिजे. फट दिसली तर अर्थ बदलेल.

आता सगळ्यांना चेव चढला. मोठ्या कुटुंबांचं ठीक होतं. पहिल्या मजल्यावरच्या रंगाऱ्याचं कुटुंब तर इतकं दांडगं होतं, की ते खिडकीत बसवणं हे कंडक्टरांना निवृत्तीनंतर मिळालेलं पहिलं खरंखुरं काम वाटलं. खालून कर्णा तोंडाला लावून ते तास तास सराव घेत. "थोरल्या काकांनी मागे उभं राहा, हाताने वरची चौकट धरा. बाळ पुढच्या सीटवर. सुनबाई, तुम्ही तिरक्या. अजून एक बसतो, बोलवा त्याला आतून."

अडचण होती एकट्या माणसांची. चौथ्या मजल्यावरच्या प्राध्यापकांनी खिडकीत दोन्ही बाजूंना पुस्तकांचे ढीग रचले. ते पाहून ताईने विचारलं, "वाचून झालेली रचलीत की राहिलेली? नाही, राहिलेली असतील तर खिडकी पुरायची नाही." तळमजल्यावरच्या आजीने एका अंगाला मांजर आणि दुसऱ्या अंगाला प्रेशर कुकर घेतला. कुकर कशाला, असं विचारल्यावर म्हणाली, "इतकी वर्षं माझ्यासोबत आहे, आणि मांजरापेक्षा ऐकतो." सिस्टरच्या घरात कुंडीसुद्धा नव्हती, सगळा वेळ दवाखान्यात जायचा. ती म्हणाली, "मला सामान लागत नाही," आणि दोन्ही हात पसरून खिडकीच्या चौकटीला लावून उभी राहिली. वॉर्डाच्या दारात नातेवाइकांना अडवताना तिची हीच पोझ असायची, म्हणून ती तिला जमलीही झकास. कंडक्टर स्वतः खाली असणार म्हणून त्यांच्या खिडकीत ताई एकटी. तिने दोन्ही कोपरं अशी काही पसरली, की शेजारी उभं राहायची सख्ख्या भावाचीही छाती झाली नसती.

ठरलेला रविवार उजाडला. छान पिवळं ऊन पडलं होतं. यंदा चौकात पंगत नव्हती, पण कोणी तरी खिडकीतून दोरीला टोपली बांधून खाली सोडली, खालच्याने ती उतरवून घेतली, आपल्याकडचं काही भरून परत पाठवली, आणि तासाभरात सगळ्या इमारतीच्या अंगावर टोपल्या वरखाली करायला लागल्या. चौथ्या मजल्यावरची खीर तळमजल्यावर पोचेपर्यंत प्रत्येक मजल्यावर थोडी थोडी कमी होत होती, असा आजीचा आरोप होता. अध्यक्षांनी कर्ण्यावरून भाषण केलं. दर वर्षी लोक भाषणाच्या वेळी जिन्याकडे पांगायचे. यंदा आपापल्या खिडकीतून पांगणार कुठे? अध्यक्षांना आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण सभागृह लाभलं आणि त्यांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला.

भाषण संपवून अध्यक्ष आपल्या खिडकीत जाऊन भरले. स्टुडिओवाला टाकीवर चढला. कर्णा कंडक्टरांच्या हाती आला.

त्यांनी इमारतीकडे पाहिलं. काय दृश्य होतं ते. चार मजले, आणि एकाही खिडकीत सुई टोचायला जागा नाही. कंडक्टरांच्या अंगात जुनी नोकरी संचारली. उजवा हात वर गेला, पंजा उघडला.

"तळमजला, आजी, मांजराला आत घ्या, शेपूट बाहेर येतंय. छान. पहिला मजला, रंगारी, डावीकडे फट आहे, पुढे सरका. शाब्बास. शेजारची खिडकी, थोडं दाबून घ्या, अजून थोडं." हात सरावाने खिडकीमागून खिडकी टिपत चालला होता आणि त्याच्यामागून तोंड. "दुसरा मजला, पहिली खिडकी, फर्स्टक्लास. दुसरी खिडकी, मध्ये जागा आहे, जागा दिसतेय, सरका पुढे, एक माणूस आरामात..."

इथे कंडक्टरांच्या डोळ्यांनी तोंडाला गाठलं. पण कर्ण्याने शब्द केव्हाच वर पोचवले होते.

ताईची कोपरं खाली आली. रंगाऱ्याच्या बाळानेही कधी नव्हे ते रडणं थांबवलं. कंडक्टर कर्णा हातात धरून उभे होते. कोणाला पाऊल ठेवू देणार नाही असं ज्यांनी सांगितलं होतं, त्यांनीच साऱ्या इमारतीसमोर त्या जागेत माणूस भरायला काढला होता. मान वर करायचा त्यांना धीर होईना. झाडाची पानं मात्र कोणाची पर्वा न करता पडत होती.

शिलाईकाकू खिडकीच्या डाव्या कडेला होत्या तशाच उभ्या होत्या. मग त्यांनी बाहीत खोचलेला रुमाल काढला, एकदा झटकला, आणि शेजारच्या मोकळ्या कठड्यावर नीट पसरून ठेवला.

"तिथं रुमाल टाकलाय, भाऊजी," त्या वरून म्हणाल्या. "माणूस जरा खाली उतरलाय."

बसमध्ये रुमाल टाकून जागा अडवणाऱ्यांशी कंडक्टर उभ्या नोकरीत भांडत आले होते. असले रुमाल त्यांनी पोत्याने गोळा केले असतील. अशा वेळी द्यायचं उत्तर त्यांच्या ओठांवर कायमचं बसलेलं होतं, की इथे रुमालाचं तिकीट मिळत नाही. त्यांनी कर्णा उचलला.

"बरं," ते म्हणाले. "येऊ द्या सावकाश, वहिनी. गाडी थांबवलीय."

पहिल्यांदा हसल्या त्या शिलाईकाकूच. उन्हाळ्यापासून त्यांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे शेजारच्या खिडकीतले लोक आधी दचकले आणि मग तेही हसायला लागले. हसू वर गेलं, खाली आलं, प्राध्यापकांच्या पुस्तकांचा एक ढीग कोसळला, त्यावर आणखी हसू झालं. सिस्टर चौकट सोडून तोंडावर हात धरून हसत होती आणि त्याच हाताने डोळे पुसत होती. चौथ्या मजल्यावरून कोणी तरी ओरडलं, "घड्याळजी म्हणतील, बघा, म्हणजे गाडी याच्यामुळेच उशिरा यायची." टाकीवर स्टुडिओवाल्याचं बोट बटणावर होतं. हसताना ते किती वेळा दाबलं गेलं, ते त्यालाही ठाऊक नाही.

त्यानंतर सगळ्यांना पुन्हा नीट बसवून, कॅमेऱ्याकडे बघायला लावून, रीतसर फोटोही काढले गेले. आठवड्याने स्टुडिओवाल्याने दोन मोठ्या प्रती काढून आणल्या. एक रीतसर आणि एक हसण्यातली. भिंतीवर कुठली लावायची यावर ग्रुपवर रणधुमाळी झाली. हसण्याच्या फोटोत अध्यक्षांचं तोंड असं उघडलेलं होतं, की आतल्या कवळीचे दात मोजून घ्यावेत. त्यांनी रीतसर फोटोसाठी जीव तोडून प्रचार केला. शेवटी सिस्टरने निकाल दिला, की जागा ज्यांची होती त्यांच्या घरच्यांनी ठरवावं.

कंडक्टरांनी दोन्ही फोटो जिन्यातल्या खिडकीच्या उजेडात मांडून ठेवले आणि ते स्वतः दोन पायऱ्या वर जाऊन उभे राहिले. शिलाईकाकूंनी कामाचा चष्मा लावला. कापड तपासतात तसे त्यांनी दोन्ही फोटो काठांपासून तपासले आणि हसण्याच्या फोटोवर हात ठेवला.

"हा."

"वहिनी, बघा हं नीट," कंडक्टर म्हणाले. अध्यक्षांना त्यांनी तेवढा शब्द दिला होता. "यात कोणीसुद्धा कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. आजी तर मान उलटी करून बसलीय. वरची माणसं निम्मी बाहेर लोंबतायत."

"कॅमेऱ्याकडे नसतील बघत."

त्यांनी बोट आधी कठड्यावरच्या रुमालावर ठेवलं. मग ते बोट तिथून निघून एकेका चेहऱ्यावर गेलं. चौथ्या मजल्यावरचे लोक वाकून खाली बघत होते. सिस्टर तिसऱ्या मजल्यावरून खाली बघत होती. शेजारची खिडकी मान वळवून तिरकी बघत होती. रंगाऱ्याचं अख्खं कुटुंब, बाळासकट, वर बघत होतं. तळमजल्यावरची आजी, मांजर, सगळ्यांचे डोळे एकाच ठिकाणी लागले होते, त्या अर्ध्या खिडकीत, जिथे कोणी नव्हतं.

"सगळे आलेत," शिलाईकाकू म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. "एकूण एक आलेत हो, भाऊजी."

कंडक्टरांनी वरूनच वाकून फोटो पाहिला. दोनदा पाहिला.

"मी कुठं दिसत नाही यात."

"तुम्ही खाली होतात ना," शिलाईकाकू म्हणाल्या. "यांच्या सोबतीला."

कंडक्टर यावर काही तरी म्हणणार होते, पण तेवढ्यात खिशातला फोन वाजायला लागला. अध्यक्षांचा होता. तोंडाचं काय ठरलं, असं त्यांना विचारायचं होतं.